जुन्या बुलेटचे हादरे

वार्षिक अंकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे शिस्त, वाचन किंवा चारित्र्य यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी रूढी आहे. ती मोडून आम्ही यंदा मोटारसायकलीच्या स्प्रिंगांविषयी लिहीत आहोत, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आम्ही शिकवतो इतिहास. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध फक्त वापरापुरता. परंतु आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी मांगराच्या कडेला एखादी जुनी बुलेट उभी असते, आणि तिला 'नवे, कडक शॉकअप बसवू या' असा हट्ट दर सुट्टीत घरातील कोणीतरी धरतोच. तो हट्ट एकदा आम्हीही धरला होता.

आमची बुलेट वडिलांची. ते 'पायलट' होते. गोव्याबाहेरच्या वाचकांना हा शब्द चकवील. येथे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून भाड्याने उतारू नेणारा. वडिलांच्या डिकीत नेहमी एक वाकडा पाना असे. उतारू किरकोळ असला की ते तसेच निघत. अंगाने भारी असला किंवा सोबत तांदळाचे पोते असले, की खाली उतरून मागच्या शॉकअपचा कट त्या पान्याने एक घर फिरवीत. उतारूला पोचवून परतताना पुन्हा मागे फिरवीत. लहानपणी आम्हांस हा त्यांचा छंद वाटे. गिऱ्हाईक खोळंबते आणि हे पाना शोधत बसतात, म्हणून आम्ही मनातून चिडतही असू.

गाडी आमच्याकडे आल्यावर एका गॅरेजात आम्हांस सांगण्यात आले की जुने शॉकअप 'गेले'. आम्ही विश्वास ठेवला आणि वायू भरलेले, जाड स्प्रिंगांचे, दिसावयास झोकदार असे नवे शॉकअप बसविले. शेवटच्या कटापर्यंत ते आवळूनही घेतले. गाडी ताठ उभी राहिली. ताठपणा म्हणजे सुधारणा, अशी आमची समजूत.

दर रविवारी आम्ही आईला म्हार्दोळला म्हाळसेच्या दर्शनास नेत असू. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आज बसने जाईन." कारण विचारले तर हसून विषय बदलला. संध्याकाळी शेजारणीशी बोलताना तिचे शब्द कानी आले : "फाट मोडली गो." कोकणीत फाट म्हणजे पाठ. मुलाच्या हौसेला नावे ठेवायची नाहीत, म्हणून बिचारी तीन आठवडे काही बोलली नव्हती. त्याच आठवड्यात उतारावरच्या एका वळणावर जांभ्याची खडी पसरली होती, तेथे मागचे चाक टणकन उडाले, गाडी आडवी सरकली आणि आमचा गुडघा सोलून निघाला. आई मागे नव्हती, हे केवळ दैव.

गुडघा बरा होईपर्यंत आम्ही वाचन केले आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीशी बरेच बोललो. जे उमगले ते असे. स्प्रिंगवर जितका भार, तितक्या प्रमाणात ती दबते. हा रॉबर्ट हूकचा सतराव्या शतकातील नियम. दहा किलोला पाच मिलिमीटर, तर वीस किलोला दहा. कट आवळल्याने स्प्रिंग अधिक कडक होते, हा सार्वत्रिक समज मात्र खोटा आहे. आवळल्याने ती आधीच थोडी दाबली जाते व गाडीचा मागचा भाग उंच बसतो. पुढच्या दहा किलोला ती तितकीच दबते. वडील जे करीत ते नेमके हेच : भार वाढला की गाडी पुन्हा योग्य उंचीवर आणीत. स्प्रिंगचा कडकपणा बदलावयाचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

दुसरे असे की, स्प्रिंग हादरा गिळत नाही. ती तो उसना घेते आणि लगेच परत करते. गिळण्याचे काम तेलाचे. नळीतील बारीक छिद्रांतून तेल जोराने ढकलले जाते आणि हादऱ्याची शक्ती उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहावा, तो कोमट लागतो. तेल नासले किंवा गळून गेले, की एका खड्ड्यानंतर गाडी तीनदा नमस्कार घालते.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चाकाला वर जाण्यास जशी जागा हवी, तशी खाली जाण्यासही हवी. स्वार बसल्यावर गाडी थोडी दबली पाहिजे. एकंदर हालचालीच्या साधारण पाव ते तृतीयांश. दबली नाही, तर खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, अधांतरी राहते. अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. आम्ही दोन विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन फूटपट्टीने मापले. गाडी मोठ्या स्टँडवर चढवून आसापासून मडगार्डावरच्या खुणेपर्यंतचे अंतर घेतले, मग स्वार होऊन पुन्हा घेतले. मागची हालचाल पंचाहत्तर मिलिमीटर. आमच्या अठ्ठावन्न किलोंनी ती दबली होती अवघी नऊ. ते शॉकअप वाईट नव्हते. दोन धिप्पाड माणसे आणि त्यांचे सामान यांसाठी केलेली ती वस्तू होती, आणि तीवर बसत होते एक किरकोळ मास्तर व त्यांची आई.

पुढचे काम मिस्त्रीने आठवड्यात केले. पुढच्या फोर्कमधून काळे, पाणी मिसळलेले तेल निघाले; उजव्या नळीत तर डाव्याच्या निम्मेच होते. ऑइल सील बदलली, दोन्हींकडे सारखे माप घातले. मागच्या चिमट्याचे बुश इतके झिजले होते की चाक हाताने डावी-उजवीकडे हलत होते. नवे शॉकअप बसविणाऱ्याने ते पाहिलेच नव्हते. चाकांतील हवा मापून भरली, कारण टायर हीदेखील एक स्प्रिंगच. शेवटी जुने शॉकअप दुरुस्त होऊन परत आपल्या जागी आले. आता आम्ही बसल्यावर चोवीस मिलिमीटर दबते.

यावरून आम्ही नव्याचे वैरी आहोत असे कोणी समजू नये. 'कंपनीने दिले तेच ठेवा' म्हणणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्ही बसत नाही. बुलेटचा इतिहासच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. १९४८ मध्ये रॉयल एन्फील्डने मागच्या चाकाला झुलता चिमटा आणि स्प्रिंगा देऊन ही गाडी चिखलखडकांच्या शर्यतींत उतरविली, तेव्हा मागचे चाक घट्ट जखडलेलेच असावे, असे जाणत्यांचे मत होते. पुढे १९५२ मध्ये स्कॉटलंडमधील सहा दिवसांची चढाओढ जॉनी ब्रिटन याने बुलेटवरच जिंकली. १९५५ नंतर मद्रासेत बनू लागलेल्या बुलेटीही त्याच घडणीच्या. तेव्हा फोर्कमध्ये आपल्या वजनास जुळणारी स्प्रिंग घालावी, उन्हाळ्यात फारच झुलत असेल तर किंचित दाट तेल वापरून पाहावे. त्यास आमची हरकत नाही. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो वहीत लिहून ठेवावा. लांबीने जास्त शॉकअप मात्र, शोभेसाठी म्हणून, कधीही घेऊ नयेत. मागचा भाग उचलला की पुढचा फोर्क अधिक उभा होतो, हँडल चंचल होते, आणि साखळीचा ताणही बदलतो.

आई पुन्हा गाडीवर बसू लागली आहे. ती बसण्यापूर्वी आम्ही कट एक घर फिरवतो. ती फुलांची परडी मांडीवर घेऊन तोवर उभी राहते. वडिलांचा तो वाकडा पाना डिकीतच होता.

ते झोकदार शॉकअप माळ्यावर पडून आहेत. गेल्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी ते मागावयास आला. त्याला आम्ही प्रथम त्याचे वजन विचारले.