गोष्ट सुचत नाही, असं म्हणू नका



पर्युषण जवळ आलं की दीपनगर-भुसावळकडे आपल्या बायकांचे मेसेज सुरू होतात. "पाठशाळेत कथास्पर्धा आहे, मुलासाठी एखादी छोटीशी गोष्ट पाठवा ना, आम्हाला काही सुचतच नाही." मग कुणीतरी एक गोष्ट टाकतं, ती दहा घरांत जाते आणि दहा मुलं एकाच सुरात ती म्हणून दाखवतात. शेवटी तात्पर्य, मग टाळ्या. मला हे मुळीच पटत नाही.

सुचत नाही हे खरं नाही. मुलं रोज आपल्या हातात गोष्ट आणून देतात, आपणच ती टाकून देतो.

दीपनगरच्याच मुलाचं बघा. कोळशाच्या मालगाड्या आणि वीज केंद्राची धुराडी तो जन्मापासून बघतो. केंद्र रात्रभर चालू असतं. आणि घरात आपण सांगतो, दिवस मावळायच्या आत जेवून घे. मग तो विचारतो, "आई, आपल्या गावात एवढा उजेड तयार होतो, मग अंधार पडल्यावर जेवलं तर काय झालं?" किती खरा प्रश्न! आणि आपलं उत्तर? "पाप लागतं. गुपचूप जेव." झालं, गोष्ट तिथेच संपली.

त्याऐवजी त्याला पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली न्या. दिव्याभोवती घोंघावणारे किडे दाखवा. मग सुरू करा : एक पाखरू होतं, त्याला वाटलं हा दिवा म्हणजेच सूर्य. तिथेच एक मुलगी ताट घेऊन बसली होती, तिला फार भूक लागली होती. पुढे काय झालं ते मुलालाच विचारा. रात्रीभोजनत्याग का, हे त्याला न सांगता कळेल.

गोष्टीला एवढंच लागतं. कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि मध्ये काहीतरी आडवं येतं. मैत्रिणीच्या डब्यातलं भरीत, पाणी गाळायचा कंटाळा, भावाला "मिच्छामि दुक्कडम्" म्हणताना घशात अडकणारा शब्द, सगळ्यात गोष्ट आहे. मुलाचे प्रश्न स्वयंपाकघरातल्या वहीत लिहून ठेवा, हिशेबाच्या पानामागे लिहिले तरी चालेल.

आपला खानदेश तर याचीच साक्ष देतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना सुचलं ते जात्यावर, चुलीपाशी, शेतात. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात राजे-राक्षस नाहीत. आंघोळ झालेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने काय केलं, एवढ्यावर तिथे गोष्ट उभी राहते.

काही वडीलधाऱ्या बायका म्हणतील, "शास्त्रात कथा आहेत, मनाने रचायच्या कशाला?" त्यांचा मान ठेवूनच सांगते. तीर्थंकरांच्या चरित्रात आपल्या पदरचं घालू नये, हे अगदी बरोबर. पण नवी गोष्ट रचायला बंदी कधीच नव्हती. पंचतंत्राची नवी मांडणी 1199 साली पूर्णभद्र या जैन मुनींनीच केली. कोल्ह्या-माकडांच्या गोष्टी त्यांना कमीपणाच्या वाटल्या नाहीत.

खरं नुकसान भीतीच्या गोष्टींनी होतं. नरकाची चित्रं दाखवून मूल बटाटा सोडतं, पण हॉस्टेलला गेलं की भीती संपते आणि नियमही संपतो. मग आपण "आजकालची मुलं" म्हणून बोटं मोडतो. ज्या मुलाने पाखराची गोष्ट स्वतः पुरी केली, त्याच्याजवळ नियमामागची करुणा उरते.

'ज्ञाताधर्मकथे'तल्या चार सुना आठवा. सासऱ्यांनी प्रत्येकीला भाताचे पाच दाणे दिले. एकीने फेकले, एकीने खाल्ले, एकीने डबीत जपून ठेवले. रोहिणीने ते माहेरी पेरायला लावले. पाच वर्षांनी दाणे परत मागितले, तेव्हा ते आणायला गाड्या लागल्या.

आपण गोष्टी डबीत ठेवणाऱ्या सुना झालो आहोत. जपतो खूप, पेरत नाही. तिसऱ्या सुनेला तिजोरीच्या किल्ल्या मिळाल्या हे खरं, पण घर रोहिणीच्या हाती आलं. या पर्युषणात पाठशाळेत मूल अडखळत बोललं तरी चालेल, तात्पर्य नसलं तरी चालेल. गोष्ट मात्र त्याच्याच घरात उगवलेली असू द्या.