आधी 'बिनधास्त', मग 'भेट'

दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातले, हे इथले लोक अभिमानाने सांगतात. पण त्यांचे जुने चित्रपट पाहिलेत का, असं विचारलं की बहुतेकांची गाडी 'तुकाराम'पाशीच थांबते. हर्सूलला आमच्या शेजारी राहणाऱ्या, बी.ए. करणाऱ्या मुलीने नुकताच 'आजचा दिवस माझा' पाहिला. सत्तेच्या तोऱ्यात एका वृद्ध गायकाला दुखावून बसलेला मुख्यमंत्री रातोरात त्याच्या घराची फाईल मार्गी लावायला निघतो, ते तिच्या डोक्यातून जाईना. २०१३च्या या चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, तेव्हा मुलीची पारख चांगलीच म्हणायची. "काकू, यांचं आधीचं काय बघू?" तिने विचारलं. मी लगेच म्हटलं, 'बिनधास्त'.

खरं तर कुणीही 'तुकाराम' सुचवला असता. जितेंद्र जोशींनी त्यात जीव ओतलाय, तो बघायचाच आहे. पण त्यात तुकोबा इतके मोठे आहेत की दिग्दर्शकाकडे आपलं लक्षच जात नाही. 'बिनधास्त'चं तसं नाही. १९९९ सालचा हा चित्रपट. दोन जिवलग मैत्रिणी, कॉलेजातली मस्ती, मग अंगाशी आलेली गंमत आणि खुनाचा संशय. शर्वरी जमेनीस, गौतमी गाडगीळ, आणि पडद्यावर सगळ्या बायकाच! पोलीससुद्धा बाईच. मराठीत त्या काळी मुलींच्या वाट्याला एक तर रडणं यायचं, नाही तर नायकाच्या मागे नाचणं. इथे मुली पळतात, खोटं बोलतात, एकमेकींसाठी जीव टाकतात. दिग्दर्शक प्रियदर्शन यांना त्यावरून तमिळ चित्रपट करावासा वाटला, ते काही उगीच नाही.

त्यानंतर 'भेट', २००२चा. रोहिणी कुलकर्णी यांच्या कादंबरीवरचा. मुलापासून तुटलेल्या आईची ही गोष्ट सावकाश चालते, म्हणून ती मोबाईलवर तुकड्यातुकड्याने बघू नये, एका बैठकीत बघावी. प्रतीक्षा लोणकरांचा चेहरा त्यात किती सोसतो! प्रतीक्षाताई, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही सगळी 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी. या शहरात एकत्र नाटकं करून मग मुंबईला गेलेली. दळवींच्या 'चारचौघी'तली विद्या फोनवर नवऱ्याशी भांडते, आपली मुलगी आपल्याकडे असावी म्हणून. १९९१च्या त्या नाटकाचं दिग्दर्शन कुलकर्णींचंच. आई आणि मूल यांच्यामध्ये घर, नवरा, कायदा उभे राहिले की काय होतं, हा प्रश्न रंगमंचावर त्यांनी आधीच हाताळला होता. 'भेट'मध्ये तो पुन्हा आला, पण फोनवरच्या त्या धबधब्याची जागा इथे गप्प राहण्याने घेतली. एकाच माणसाचं नाटक आणि चित्रपट शेजारी ठेवून बघितले की हे असं सापडतं, आणि त्यातली मजा मला त्या मुलीला द्यायची आहे.

'कायद्याचं बोला' तिला कुणी तरी दाखवीलच, मकरंद अनासपुरे आहेत त्यात. त्याची काळजी नाही. मला काळजी आहे ती या दोन चित्रपटांची. आमच्या मुलांना ते कधी मोठ्या पडद्यावर बघायला मिळणार? कुणाच्या तरी मोबाईलवर, अर्धवट, चेहरेही ओळखू येत नसताना ते बघायचे, हे या शहराला शोभत नाही. दरवर्षी अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात जगभरातले चित्रपट येतात, ते यावेतच. त्याच महोत्सवात एका सकाळी 'बिनधास्त' आणि 'भेट' लागोपाठ दाखवावेत, कॉलेजच्या मुलांना तिकीट माफ असावं. कुलकर्णी आणि दळवी येऊन दोन शब्द बोलले तर सोन्याहून पिवळं. हर्सूलहून मुली घेऊन यायची जबाबदारी माझी.