उशीर कर्नलचा, बिल पोराला

कुर्ला, घाटकोपर, अंधेरीच्या वस्त्यांत घरीच गाणं रेकॉर्ड करणाऱ्या पोरांना एकच सल्ला मिळतो : ‘हा डबा विक, मॅक घे.’ तक्रार काय, तर गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. पंधरा हजारांच्या दुखण्यावर लाखाचं औषध सांगणाऱ्या या हकिमांशी माझं भांडण आहे. मी उर्दू-मराठी शिकवतो, कम्प्युटर नाही. पण मिसऱ्याचं वजन मोजणाऱ्याला उशीर म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

कम्प्युटर आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १,०२४ नमुन्यांचा तुकडा धरला, तर एका तुकड्याला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सात मीटर जातो. म्हणजे तबलजी खोलीबाहेर बसवून गाण्यासारखंच. शिवाय आवाज आत जाऊन बाहेर यायचा असतो, म्हणजे उशीर किमान दुप्पट. तुकडा २५६ नमुन्यांचा केला तर ५.३ मिलिसेकंद, पण मग प्रोसेसरला दर वेळी तेवढ्यातच हजर व्हावं लागतं. चुकला की ‘कट्‌’ असा आवाज येतो.

प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा, हे कर्नल ठरवतो. तो वायफायच्या किंवा डिस्कच्या कामात अडकला, की गाणं दारात ताटकळतं. अशा वेळी यंत्राची ताकद असूनही उपयोग होत नाही. दोष रांग लावण्याचा असतो. लिनक्समध्ये तातडीच्या कामासाठी कर्नललाच मधे थांबवणारी ‘प्रीएम्प्ट आरटी’ ही सोय जवळपास वीस वर्षं वेगळं ठिगळ म्हणून लावावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून ती मूळ कर्नलमध्येच आहे. ती आपोआप चालू नसते, पण डेबियनमध्ये आरटी कर्नलचं तयार पॅकेज फुकट मिळतं. ते टाकलं तरी जुना कर्नल राहतो. बिघडलं तर सुरू करताना यादीतून तो निवडायचा.

कुणी म्हणेल, कुर्ल्याच्या नेझीने २०१४ चं ‘आफत’ आयपॅडवर केलं, म्हणजे ॲपलच हवं ना? उलट. स्टुडिओ नसतानाही घरात हाताशी असलेल्या यंत्रावर गाणं होतं, हा त्याचा धडा. त्या यंत्रात आवाजाला रांगेत पुढे ठेवलं होतं. तेच आता जुन्या लॅपटॉपवर करता येतं.

कर्नल बदलला की जादू होते, असं मात्र मी म्हणत नाही. युजरला ‘ऑडिओ’ गटात घालून अग्रक्रमाची परवानगी द्यावी लागते. काही ग्राफिक कार्डांचे बंदिस्त ड्रायव्हर आरटी कर्नलवर अडतात. विंडोजसाठीचे अनेक प्लगइन लिनक्सवर चालत नाहीत. ज्याची रोजी त्यावर आहे, त्याने तिथेच राहावं. पण शिकणाऱ्या पोराला आर्डर आणि एक साधा माइक पुरेसा आहे.

खरा राग मला दुकानदाराचा नाही, आपल्या तालमीचा आहे. शाळेत कम्प्युटर म्हणजे वर्ड, एक्सेल आणि प्रमाणपत्र. यंत्र आतून कसं चालतं हे विचारणारा मुलगा ‘आगाऊ’ ठरतो. पवईच्या आयआयटीने लिनक्सचे धडे मराठीत करून ठेवलेत, तरी वर्गात कुणी लावत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ न चालणारी, धडधाकट यंत्रं भंगाराच्या वाटेवर आली. त्यातलं एक प्रत्येक शाळेने ठेवावं, लिनक्स टाकावं आणि शाळा सुटल्यावर पोरांच्या हवाली करावं.

गरिबाच्या पोराला यंत्र विकत घ्यायला सांगणं सोपं आहे. ते उघडून समजून घ्यायला शिकवणं, हे आपलं काम आहे. त्याचा पगार आपण घेतो.