पडद्यामागचा सूत्रसंचालक



आमच्या सोनगीरला कधी आलात आणि तांबटांच्या गल्लीत शिरलात, तर माणूस दिसायच्या आधी ठोक्यांचा आवाज येतो. ठण्, ठण्, ठण्! मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला आमचं गाव. वर किल्ला, खाली तांब्यापितळेची भांडी घडवणारे कारागीर. आजची गोष्ट त्याच गल्लीतली आहे, पण सुरुवात झाली ती आमच्या वर्गात.

स्नेहसंमेलनात चौथीतल्या एका मुलीने सूत्रसंचालन केलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी. "सर, मला आदेश भावोजींसारखं व्हायचंय. त्यासाठी कितवीपर्यंत शिकावं लागतं?"

आता काय सांगणार! डॉक्टर व्हायचं तर कुठे जायचं ते ठरलेलं असतं. इथे तसं काहीच नाही. डॉ. निलेश साबळे यांनी शिक्षण घेतलं आयुर्वेदाचं, आणि 2014 ते 2024 अशी दहा वर्षं 'चला हवा येऊ द्या'मधून घराघरांत हशा पिकवला. नागराज मंजुळे चित्रपट दिग्दर्शक. 2019 साली ते 'कोण होणार करोडपती'च्या खुर्चीवर बसून प्रश्न विचारू लागले. तबस्सुम तर लहानपणापासूनच सिनेमात कामं करायच्या. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा मुलाखतींचा कार्यक्रम आला. तो चालला 1993 पर्यंत! (तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा, लगेच डोळे चमकतील.) म्हातारपणी त्यांनी इंटरनेटवर स्वतःची वाहिनी काढली आणि तिथेही जुन्या कलावंतांच्या आठवणी सांगितल्या. 2022 मध्ये त्या गेल्या.

आणि आदेश बांदेकर? 'होम मिनिस्टर' 2004 ला सुरू झालं, 2022 पर्यंत चाललं. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती पैठणी. मला मात्र विशेष वाटायचं ते वेगळंच. जन्मात कधी माईक हातात न धरलेली वहिनी दोन मिनिटांत खळखळून बोलायला लागायची. भावोजी एक प्रश्न टाकायचे आणि बाजूला सरकायचे. खरं काम ते बाजूला सरकणं!

तेव्हा मी त्या मुलीला म्हटलं, "शिक्षणाचं नंतर बघू. आधी एक मुलाखत घेऊन दाखव."

ती गेली गल्लीतल्या एका म्हाताऱ्या तांबटबाबांकडे. सोबत दोन मैत्रिणी आणि माझा मोबाईल, आवाज साठवायला. तिने विचारलं, "बाबा, किती जोरात ठोकायचं हे कसं कळतं?" बाबा अहिराणीत म्हणाले, "कितलं ठोकानं ते हातले समजस."

काय उत्तर आहे बघा! मुलींनी सगळं वहीत उतरवलं, मग शाळेच्या संगणकावर टाइप केलं. आता ते शाळेच्या वेबपानावर टाकायचं होतं. आणि इथेच आमची गाडी अडली.

वेबपान तयार करताना संगणकाला सांगावं लागतं, की हा मथळा, हा परिच्छेद, इथे परिच्छेद संपला. या खुणांना टॅग म्हणतात. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे प्रत्येक मजकूर आपापल्या जागी येऊन उभा राहतो. म्हणजे सूत्रसंचालकच की! फक्त हा पडद्यामागे राहतो. खुणा हाताने घालायचा कंटाळा येत असेल, तर ते काम करणारी सॉफ्टवेअर आहेत. पॅनडॉक नावाचं एक फुकट मिळतं. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ते 2006 मध्ये बनवलं. त्याला साधी फाइल द्यायची, ते वेबपान करून देतं. पण अट एक. फाइलमध्ये मथळ्याला 'मथळा' म्हणून नेमलेलं हवं. आमच्या मुलींनी नुसती अक्षरं मोठी आणि जाड केली होती. सॉफ्टवेअर बिचारं काय ओळखणार! त्याने मथळाही साध्या ओळीसारखा छापला.

ते दुरुस्त केलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. काही वर्षांपूर्वी आम्ही अहिराणी शब्दांची एक यादी केली होती. गावातल्या आज्यांना विचारून केलेली. त्यातल्या काही आज्या आता नाहीत. तीही याच पानाखाली द्यायची म्हणून उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! ती जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती. अशा फॉन्टात आत इंग्रजी अक्षरच असतं, त्याने वरून मराठी मुखवटा घातलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि जगातलं पहिलं संकेतस्थळही त्याच वर्षी सर्वांसाठी खुलं झालं.

यादी युनिकोडमध्ये बदलून घेतली. बरीचशी नीट आली, पण 'ऱ्हायना' या शब्दाचा 'र्हायना' झाला! अहिराणीत 'काय करी ऱ्हायना' हे तर उठता-बसता बोललं जातं. 'र' आणि 'ऱ' यांचे क्रमांक निराळे आहेत, आणि बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने साधा 'र' घातला होता. मग मुलींनी पूर्ण यादी मोठ्याने वाचली. एकीने वाचायचं, दुसरीने बोट ठेवायचं, तिसरीने दुरुस्त करायचं. त्यात तीन दुपारी गेल्या.

या गडबडीत माझ्या लक्षात आलं, की मुलाखतीत बाबांचं वाक्य 'हाताला समजतं' असं झालंय. "सर, पुस्तकात असंच लिहितात ना!" एक मैत्रीण म्हणाली. मी काही बोलायच्या आधीच सूत्रसंचालकबाई उसळल्या, "पण बाबा तसं बोललेच नाहीत!" मूळ वाक्य परत आलं.

पान तयार झाल्यावर तिघी मोबाईल घेऊन गल्लीत पळाल्या. बाबांनी हातोडी खाली ठेवली, चष्मा लावला. तिने त्यांना सगळं वाचून दाखवलं, 'हातले समजस' जरा जास्तच जोरात. बाबांनी ऐकून घेतलं, पडद्यावर बोट वरखाली फिरवलं आणि विचारलं,

"मना फोटो कथा शे?"

फोटो काढायचा राहूनच गेला होता. उद्या जाणार आहोत.