पहिला नंबर कुणाचा?

डिसेंबर आला की माझ्या भाचीचा कॅनडाहून फोन ठरलेला. विषयही ठरलेला. व्हिडिओ गेमचे पुरस्कार. "मावशी, ऐकलंस का, यंदा कुणाला दिलं ते!" आता मला यातलं काय कळणार? मोबाइलवर कँडी क्रश खेळणारी बाई मी. पण तिचं तावातावाने बोलणं ऐकून ऐकून २०२० च्या निकालाचं भांडण मला पाठ झालंय आणि त्या भांडणात मी तिच्या बाजूने आहे.

'द गेम अवॉर्ड्स' हा अमेरिकेतला सोहळा २०१४ पासून होतो. खेळांचं ऑस्करच म्हणा ना. खेळांविषयी लिहिणाऱ्या देशोदेशीच्या माध्यमसंस्थांच्या मतांना त्यात ९० टक्के वजन, आणि प्रत्यक्ष खेळणाऱ्यांच्या मतांना उरलेलं १० टक्के. १० डिसेंबर २०२० रोजी वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'. अंतिम यादीत सहा खेळ होते. त्यातल्या पाचांत मारामारी. कुठे बंदुका, कुठे तलवारी, कुठे राक्षस. सहावा होता जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'. त्याला 'सर्वोत्तम कौटुंबिक खेळ' म्हणून बक्षीस देऊन बोळवण झाली.

हा खेळ बाजारात आला २० मार्च २०२० ला. आपल्याकडे थाळ्या वाजल्या, त्याच्या बरोबर दोन दिवस आधी. खेळात काय असतं? तर तुम्ही एका ओसाड बेटावर तंबू घेऊन उतरता. टॉम नूक नावाचा दुकानदार घर बांधायला कर्ज देतो. व्याज नाही, मुदतही नाही. (मी म्हटलं, बाई, त्याचा पत्ता दे मला!) मग गवत उपटायचं, मासे धरायचे, झाडं हलवून फळं पाडायची, शेजारच्या प्राण्यांची विचारपूस करायची. रविवारी सकाळी सलगम विकणारी येते. ते घ्यायचे, भाव वाढला की विकायचे, पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडतात. खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळासारखंच चालतं. आपल्याकडे रात्र झाली की बेटावरही रात्र. यात हरणं असं नाहीच.

भाची तेव्हा टोरांटोत एका खोलीत अडकलेली. विमानं बंद. आम्ही इकडे काळजीत. तिच्या मैत्रिणी मात्र रोज संध्याकाळी तिच्या बेटावर यायच्या, फुलं देऊन जायच्या. कुणी त्या बेटांवर लग्नं लावली, वाढदिवस केले. अमेरिकेच्या निवडणुकीत जो बायडेन यांच्या प्रचाराच्या पाट्याही तिथे लागल्या. २०२० संपेपर्यंत या खेळाच्या ३ कोटी ११ लाखांवर प्रती गेल्या. आणि हो, याची दिग्दर्शिका एक बाई आहे, आया क्योगोकू.

आता दुसरी बाजू. विजेता खेळ टाकाऊ होता असं मी मुळीच म्हणत नाही. रोगाच्या साथीने उद्ध्वस्त झालेलं जग, एली नावाची तरुणी सूडाला पेटलेली, आणि अर्ध्या वाटेवर खेळ तुम्हाला जिचा सूड घ्यायचा तिच्याच जागी नेऊन बसवतो. दोघीही बायकाच. अंधांनाही खेळता यावा म्हणून त्यात केलेल्या सोयींचं कौतुक करावं तेवढं थोडं. एकूण सात बक्षिसं मिळाली त्याला, त्यातली बरीचशी योग्यच. माझा वाद आहे तो फक्त पहिल्या नंबराशी.

आपल्या नाट्यस्पर्धांत काय होतं, आठवून बघा. ज्या नाटकाने रडवलं, हादरवलं, ते थोर. ज्याने बरं वाटलं, ते हलकंफुलकं. तीच गत इथे. शिवाय परीक्षण करणारा माणूस खेळ घेऊन बसतो आणि काही दिवसांत तो संपवून मत देतो. ज्याची कथा वीस-पंचवीस तासांत पुरी होते, त्याला हे सोयीचं. पण जो खेळ रोज थोडा थोडा, वर्षभर ऋतूंप्रमाणे बदलत जातो, त्याची पारख अशा बैठकीत कशी व्हायची? रोजचं काम मोजायची सवयच कुणाला नाही. हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नकोच!

तुम्ही म्हणाल, लोकांनी तरी कुठे निवडला? खरंय. प्रेक्षकांच्या स्वतंत्र मतदानात 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा सामुराईचा खेळ जिंकला. मला वाटतं, संध्याकाळी फुलांना पाणी घालणाऱ्या कितीजणींना असं मतदान असतं हेही ठाऊक नसेल. कौटुंबिक खेळाला पहिला नंबर मिळतच नाही, असंही नाही. २०२१ साली 'इट टेक्स टू'ला दोन्ही बक्षिसं मिळाली. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं बाहुल्या होऊन धडपडतं, असा तो खेळ. पण त्यातही पळापळ आणि उड्या आहेतच. आणि परीक्षक बदलले की निकालही बदलतो. ब्रिटनच्या बाफ्टाने २०२१ मध्ये त्याच वर्षीच्या खेळांमधून 'हेडीस' निवडला.

असो. परवा भाचीचा फोन आला तेव्हा पुरस्कारांचा विषय निघालाच नाही. तिने बऱ्याच दिवसांनी ते बेट उघडून पाहिलं होतं. "मावशी, सगळीकडे गवत माजलंय गं. घरात झुरळं! आणि शेजारी विचारतात, इतके दिवस कुठे होतीस?"

"मग काय केलंस?"

"काय करणार? आधी झुरळं मारली. मग गवत उपटत बसले. पोळ्या तशाच राहिल्या त्या नादात."