कौतुक पाहुण्याचं, कौतुक घरच्याचं

मॅक्सीन बर्नसन 1966 मध्ये फलटणला आल्या त्या पीएचडीसाठी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या त्या विद्यार्थिनी, आणि विषय होता फलटणची बोली. कोणत्या समाजातली, किती शिकलेली माणसं कसं मराठी बोलतात, हे शोधायचं. असा अभ्यास ग्रंथालयात बसून होत नाही. माणसं जिथे बोलतात तिथे जाऊन बसावं लागतं.

परदेशी अभ्यासक, त्यात एकटी बाई, आपल्याकडच्या लहान गावात राहायला आली की तिचे दिवस कसे जातात हे सांगायला मला अमेरिकेला जायची गरज नाही. खोली कोण देणार इथपासून सुरुवात. मग लग्न झालंय का, पगार किती, आईवडिलांना सोडून एवढ्या लांब कशाला, तुमच्यात काय खातात? पोलिसांकडे नोंद वेगळी. आणि एक दिवस ती भाजीवालीला म्हणते, ‘मावशी, मेथीची जुडी कशी दिली?’ झालं, सगळा बाजार खूश. ‘बाई, किती छान मराठी बोलता हो तुम्ही!’

हे कौतुक खरं असतं, त्यात खोट नाही. दुसऱ्या देशातून येऊन कुणी आपली भाषा शिकलं तर आनंद व्हायलाच पाहिजे.

माझी अडचण अशी की हेच वाक्य मलाही ऐकावं लागतं. मी शिरूरची. घोडनदीच्या काठावर वाढले, बीएड केलं, आज दौंडमध्ये मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. प्रशिक्षणाला गेले, बँकेत गेले, कुणाच्या लग्नात गेले, की नाव सांगितल्यावर पाच मिनिटांत ते वाक्य येतंच. ‘मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे! वाटतच नाही.’ काय वाटत नाही, ते समोरचा बोलत नाही. त्यानंतर ‘मूळच्या कुठल्या?’ शिरूरच्या. ‘नाही, मूळच्या?’ आता शिरूरच्या मागे आणखी कुठे जाऊ?

बोलणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा प्रेमानेच बोलतात. पण पाहुण्याचं कौतुक घरच्या माणसाला केलं की त्याला कळतं, आपली जागा दारातच आहे. दौंडला बदली झाल्यावर आम्ही भाड्याने घर शोधत होतो. फोनवर माझं मराठी ऐकून एका घरमालकांनी लगेच या म्हणून सांगितलं. आधार कार्ड पाहिल्यावर त्यांना आठवलं की खोली भाच्याला द्यायची ठरली आहे. परदेशी पाहुणीलाही खोली शोधताना हेलपाटे पडत असतील. पण तिचं परकेपण तिच्या पासपोर्टवर लिहिलेलं असतं आणि ते पुसताही येतं. बर्नसनबाई 1978 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. मी कुठल्या कचेरीत अर्ज करायचा?

घोड नदी ओलांडली की श्रीगोंदा. तिथले शेख महंमद. त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला त्याला तीन-चारशे वर्षं होऊन गेली. त्यांना कुणी म्हणालं असेल का, ‘बाबा, तुमचं मराठी छान आहे’?

आमच्या माणसांचंही मला पटत नाही. ‘तू मराठीत कशाला लिहितेस, आपली जबान उर्दू’ असं माझी एक खाला दर ईदला सुनावते. सुनावताना मात्र म्हणते, ‘मैंने कलच बोली थी, नक्को लिख.’ त्यातला ‘च’ मराठीचा, ‘नक्को’ही मराठीचंच. खालाला हे सांगितलं तर ती रागावते.

म्हणूनच बर्नसनबाईंचं मला मोल वाटतं. त्यांनी बोलीला शुद्ध-अशुद्धाच्या तराजूत घातलं नाही, कोण कसं बोलतं ते ऐकून नोंदवलं. पुढे जाई निंबकरांबरोबर अमराठी लोकांसाठी मराठीची पुस्तकं केली. फलटणच्या दलित वस्तीतली मुलं शाळेतून गळत होती, त्यांच्यासाठी वर्ग चालवले. 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. पाहुणी म्हणून आलेली बाई आधी ऐकायला बसली आणि मग शिकवायला उभी राहिली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण शिक्षक बहुतेक वेळा उलटं करतो. मूल ‘माझ्याला’ म्हणालं की आपली लाल पेन्सिल तयार.

आमच्या शिरूर तालुक्यातही एक परदेशी अभ्यासक येऊन गेला. हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी आणि कानिटकरांनी जातेगाव बुद्रुकची जमीन, उत्पन्न, कर्ज सगळं मोजलं. ते पुस्तक 1921 मध्ये आलं. काम मोठंच. पण इथल्या घरांत काय बोललं जातं, याची फलटणसारखी नोंद आमच्या वाट्याला आली नाही.

दौंड हे रेल्वेचं गाव. नोकरीच्या निमित्ताने देशभरची माणसं इथे येऊन राहिली. माझ्या वर्गातली मुलगी अम्मीशी दखनीत बोलते, शेजारच्या काकूंशी दौंडच्या मराठीत, परीक्षेत पुस्तकी उर्दू लिहिते आणि मोबाईलवर हिंदी ऐकते. नऊ वर्षांची आहे. चार भाषांत कुठे थांबायचं आणि कुठे वळायचं हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तरी ती चुकत नाही. प्रगतिपुस्तकात तिच्या मराठीपुढे ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा होता. या वर्षी तो वर्ग माझ्याकडे आला आहे. मी मुलांना घरून शब्द आणायला सांगितले आहेत: आजी वापरते ते, भांडणात येतात ते, बाजारात ऐकू येतात ते. वही अर्धी भरली आहे. पुण्याच्या विद्यापीठांत भाषेचे विभाग आहेत आणि दौंडला पुण्याहून गाडी येते. कुणी अभ्यासक आला तर वही दाखवीन. खोली मिळवून द्यायची जबाबदारीही माझी.