पुढची तारीख नको : डिस्लेक्सिया असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी निवेदन

दिनांक : 3 डिसेंबर 2025

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे, मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

विषय : डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची तिसरीच्या आत मराठीतून पडताळणी, तालुक्याच्या ठिकाणी तपासणी आणि शाळेत मदत मिळण्याबाबत.

महोदय,

मी सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग घेतले. हे निवेदन माझ्या नातवाच्या निमित्ताने देत आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो डेंग्यूने गेला. वय 17 होते. उपचारांत कोणी कसूर केली असे आम्हाला वाटत नाही, आणि त्याच्या मृत्यूबद्दल आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने शाळेत काढलेल्या दहा वर्षांबद्दल. त्यात पहिला दोष माझा आहे, म्हणून आधी तो लिहितो.

गावाचे, शाळेचे, दवाखान्याचे नाव मजकुरात घातलेले नाही. एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना कारणे दाखवा नोटीस निघावी आणि फाइल बंद व्हावी, असे आम्हाला नको आहे.

मुलगा पहिलीत मागे पडला तेव्हा मी संध्याकाळी त्याला पाटी घेऊन बसवू लागलो. मुळाक्षरे आली. काना-मात्रा आल्या, पण अडखळत. पहिल्या वेलांटीशी गाडी थांबली. त्याने मला विचारले, "आबा, 'कि' म्हणताना क आधी म्हणायचा, मग वेलांटी आधी का काढायची?" चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही मुलाने विचारला नव्हता. मी म्हटले, "नियम आहे, गिरव." तो गिरवत राहिला आणि 'विहीर' हा शब्द दर वेळी वेगळा लिहीत राहिला. पुढे जोडाक्षरे आली. मराठीत एकट्या र ची चार रूपे आहेत : 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर बसतो, 'प्रकाश' मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र' मध्ये पायाशी छत्री धरतो आणि 'दऱ्या' मध्ये आडवा होतो. आपल्याला हे दिसतही नाही, इतके अंगवळणी पडलेले असते. त्याला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावे लागे. भ आणि म, घ आणि ध, ट आणि ढ यांच्यातला फरक सकाळी लक्षात असे, दुपारी नसे. मी कंटाळलो की हातावर पट्टी बसे. वर्गात त्याला 'ढ' म्हणत. मीही कितीतरी मुलांना म्हटले आहे. ज्या मुलाला ढ ओळखता येत नाही त्याला तेच अक्षर नाव म्हणून लावायचे, आणि ते आपल्याच भाषेत इतके सहज, याचे आज नवल वाटते.

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, आळस नाही आणि मंदबुद्धीही नाही. ऐकलेला आवाज आणि लिहिलेले चिन्ह यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, एवढेच. 1896 मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात अशा एका 14 वर्षांच्या मुलाची हकीगत लिहिली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यात नोंदवले आहे. हे वाचले तेव्हा मला आमच्या मुलाचे सातवीचे वर्ष आठवले. करोनामुळे शाळा बंद होती, बाई मोबाइलवर धडे वाचून दाखवत. शाळेच्या दहा वर्षांतले त्याचे सुखाचे वर्ष तेवढेच. ऐकलेला धडा तो रात्री आजीला जसाच्या तसा सांगे. शाळा उघडली, फळा आला, आणि तो पुन्हा शेवटच्या बाकावर गेला.

ही अडचण घराण्यात उतरते हेही मला फार उशिरा समजले. त्याचे वडील, म्हणजे माझा मुलगा, सातवीनंतर शाळेत गेलेच नाहीत. मास्तरांचा पोरगा असून शिकला नाही, असे गाव म्हणे. मीही तेच म्हणत असे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. 2007 मध्ये 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द खेड्यापर्यंत पोचला, याबद्दल त्या मंडळींचे उपकार आहेत. पण त्यातून लोकांची अशीही समजूत झाली की अशा प्रत्येक मुलात एखादा चित्रकार दडलेला असतो. आमचा मुलगा चित्रकार नव्हता. बाजारात टोमॅटोचा हिशेब तोंडी चोख करी, ट्रॅक्टर दुरुस्तीत हात चाले, कबड्डीत बरा होता. चारचौघांसारखा. चारचौघांसारख्या मुलालाही वाचता यावे, एवढेच मागणे आहे.

आठवीत नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले की मुलगा आळशी नाही, त्याची तपासणी करून घ्या. आमच्या घरात हे वाक्य त्याच्याबद्दल कोणी पहिल्यांदाच उच्चारले. जिल्ह्याचे ठिकाण आमच्यापासून 85 किलोमीटर आहे. एका खेपेत डोळे, दुसऱ्या खेपेत कान, तिसऱ्या खेपेत बुद्ध्यंक. वाचनाची खरी चाचणी घेणारे तज्ज्ञ ठरावीक दिवशीच येत. दोनदा ते आले नव्हते. एकदा एसटी चुकली. नववी अशी गेली. दहावीच्या फॉर्मबरोबर सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, ते हाती नव्हते. मार्च 2024 ची परीक्षा त्याने सवलतीशिवाय दिली आणि मराठी व इंग्रजी या दोन विषयांत राहिला. गणितात सुटला, कारण तोंडी हिशेब चोख होता. नंतर तो गॅरेजात जाऊ लागला.

ऑगस्टमध्ये तो गेला. तेरावे होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा त्याच्या आईच्या मोबाइलवर दवाखान्यातून फोन आला की मुलाची तपासणी येत्या बुधवारी आहे. ती म्हणाली, "तो आता नाही." पलीकडच्या बाईंनी अगदी सौजन्याने विचारले, "मग पुढची तारीख देऊ का?"

त्या बाईंचा काही दोष नाही. रजिस्टरात पुढे किती नावे होती, ते आम्ही तिथल्या बाकावर बसून पाहिले आहे. त्या नावांसाठी पुढील मागण्या करीत आहोत.

आमची मुख्य मागणी पडताळणीची आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित अशा प्रत्येक मराठी शाळेत मूल तिसरी संपवण्याआधी त्याच्या वाचनाची पडताळणी मराठीतून व्हावी. त्यासाठी नवे साधन शोधायला नको. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर तो मराठीतही आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक, अशा शिक्षकांनी वर्गात भरायच्या पडताळणी-प्रश्नावल्या त्यात आहेत. तो प्रसिद्ध झाला त्या वर्षी आमचा मुलगा दुसरीत होता आणि मी घरी पट्टी घेऊन बसलो होतो. मराठीचा आग्रह आम्ही अभिमानापोटी धरत नाही. इंग्रजीत अडखळणारे मूल शब्दाचे स्पेलिंग चुकते, मराठीत अडखळणारे मूल वेलांटीत, रफारात आणि जोडाक्षरात चुकते आणि फार हळू वाचते. इंग्रजीवरून बेतलेली चाचणी आमच्या मुलांना लावली तर एक तर ती सुटून जातील, किंवा इंग्रजी येत नाही म्हणून सगळा वर्गच त्यात अडकेल. पडताळणीनंतर मुलाच्या नावापुढे शिक्का मारू नये. शिक्षकाने त्याच्याशी कसे वागायचे, हे शिक्षकाला सांगावे.

ही मेहेरबानी मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 प्रमाणे मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि त्यावर योग्य अध्यापनाचे उपाय करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. कलम 17 प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षांच्या आत व्हायची होती. हा कायदा 19 एप्रिल 2017 ला लागू झाला. त्या आठवड्यात आमचा मुलगा तिसरी संपवत होता. पहिल्या पाहणीची मुदत सरली तेव्हा तो पाचवी संपवत होता. आमच्या केंद्रातल्या शाळांत अशी पाहणी झाल्याचे कोणाला आठवत नाही.

दुसरे, तपासणी तालुक्याला आणावी. महिन्यातून एक दिवस उपजिल्हा रुग्णालयात किंवा गट साधन केंद्रात डोळे, कान, बुद्ध्यंक व वाचन यांची तपासणी एकाच खेपेत व्हावी. मजुरी बुडवून पाच खेपा घालणे आईबापांना परवडत नाही, आणि तिसऱ्या खेपेनंतर मूलच म्हणू लागते की राहू द्या. शाळेने पडताळणीत मूल दाखवले असेल आणि प्रमाणपत्र केवळ तारखेअभावी अडले असेल, तर मंडळाने त्याला तात्पुरती सवलत द्यावी. प्रमाणपत्र पुढे नाकारले गेले तर काय करायचे, त्याचा नियम मंडळाने करावा. पण रांगेचा दंड मुलाला होऊ नये.

दहावीच्या सवलतींबद्दल एवढेच की त्या आपल्या राज्यात 1996 पासून आहेत. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, भाषेऐवजी दुसरा विषय. कागद चांगला आहे. आमच्या शाळेत तो कोणाला माहीत नव्हता, मला तर नव्हताच. आठवीच्या प्रत्येक पालकसभेत तो मराठीत वाचून दाखवावा आणि लेखनिक शोधण्याचे काम पालकांवर न टाकता केंद्रप्रमुखांकडे द्यावे.

विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी प्रमाण ठरवून दिले आहे : प्राथमिक स्तरावर 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक शिक्षक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. आमच्याकडे फिरते विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येत आणि हजेरीवर सही होईतो निघण्याची वेळ होई. त्यांनाही पुढच्या शाळेत जायचे असे. किमान केंद्रशाळेत एक पूर्णवेळ विशेष शिक्षक मिळावा.

एका गोष्टीची आम्हाला भीती वाटते. 2023-24 पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली असून नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवता येते. ज्या मुलाला वाचायचे कसे हेच उलगडलेले नाही, त्याला तोच धडा, त्याच बाकावर, त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष शिकवल्याने काय होते ते मी नोकरीत पाहिले आहे. नापासांचे धोरण पूर्वी होते तेव्हा चौथीत दोनदा बसलेली मुले पाचवीत दिसत नसत, उसाच्या फडात दिसत. म्हणून अध्ययन अक्षमतेची पडताळणी झाल्याशिवाय कोणत्याही मुलाला पाचवीत किंवा आठवीत मागे ठेवू नये, असा स्पष्ट आदेश निघावा.

शेवटी आमच्याकडून. मुलाच्या नावाने पुरस्कार, स्पर्धा किंवा योजना काढावी असे आम्हाला वाटत नाही. काही हितचिंतकांनी शाळेला त्याचे नाव लावून पंखे द्यायचे सुचवले, तेही आम्ही नम्रपणे नाकारले. आमच्या घराच्या सोप्यात दर रविवारी सकाळी गावातली अशी 6 मुले येतात. वाळूत अक्षरे काढतो, टाळीवर शब्द तोडतो, वेलांटी आधी का येते हे मुलांना खरे सांगतो : ती लिहिण्याची जुनी रीत आहे, तुमची चूक नाही. मी 71 वर्षांचा आहे. मला 'डाली'चा मराठी संच, तो वापरण्याचे प्रशिक्षण आणि आमच्या केंद्रातल्या शाळांत जाऊन पहिली-दुसरीची मुले पाहण्याची लेखी परवानगी द्यावी. मानधन नको. एसटीचा ज्येष्ठ नागरिक पास आहे.

या मागण्यांबाबत समक्ष भेटीसाठी वेळ मिळावी. बुधवार सोडून कोणताही वार चालेल.

आपला विश्वासू,
(सही)
सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, मुलाचे आजोबा

सोबत सह्या : मुलाची आई, मुलाचे वडील (अंगठा नव्हे, सही त्यांनीच केली आहे), गावातील 41 पालक.

सोबत कागद : तपासणीच्या तारखांच्या चिठ्ठ्यांच्या छायाप्रती, 5. मुलाच्या चौथीच्या मराठीच्या वहीतील मूळ पाने, 3. ही पाने पाहून झाल्यावर परत पाठवावीत. उलट टपालाचे तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे.